देवगिरीची सहल : अल्प खर्चात, सर्व मुलांसह

शालेय सहल ही चैन नव्हे. ती अध्यापनाचीच एक पद्धती होय. तट, बुरूज, खंदक, टाके हे शब्द इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी येतात. परंतु हिंगोली जिल्ह्यातील पुष्कळशा मुलांनी डोंगरी किल्ला कधी पाहिलेला नसतो. काळ्या रानात आणि बुटक्या टेकड्यांच्या आसपास वाढलेल्या मुलास ‘अभेद्य दुर्ग’ म्हणजे काय, हे वर्णनाने समजणे कठीण. तेच मूल देवगिरीच्या खंदकाकाठी उभे राहून समोरचा तासलेला कडा पाहते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ त्यास विचारावा लागत नाही. मराठवाड्यातील शाळांच्या सहली वर्षानुवर्षे देवगिरी उर्फ दौलताबादच्या किल्ल्याकडे जातात, त्याचे कारण हेच.

मात्र सहलीची सूचना वर्गात वाचून दाखविली जाताच दोन-चार मुले गप्प होतात. विचारले असता कोणी म्हणते, “मला गाडी लागते”, कोणी म्हणते, “घरी काम आहे.” वर्गशिक्षकास त्या उत्तरांचा अर्थ ठाऊक असतो. वर्गणी भरणे घरच्यांस झेपणार नाही, हे मुलास आईबापांस विचारण्यापूर्वीच कळलेले असते. सहलीहून परत आल्यावर पुढचे आठ दिवस वर्गात गडाच्याच गोष्टी चालतात आणि ही मुले त्या गोष्टी बाहेरून ऐकत राहतात. सबब, सहलीतील काटकसरीचा विचार हा केवळ हिशेबाचा विचार नाही. वर्गातील एकही मूल पैशावाचून मागे राहू नये, हा त्या काटकसरीचा हेतू होय. तो हेतू ध्यानी ठेवून सहलीचा खर्च कोठे होतो, तो कोठे वाचविता येतो आणि कोठे वाचवू नये, याचे विवेचन पुढे केले आहे.

खर्च कोठे होतो

काटकसर म्हटली की प्रथम प्रवेशशुल्काकडे लक्ष जाते. वस्तुतः शाळेच्या सहलीत हा खर्च जवळजवळ नसतोच. देवगिरीचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात असून या विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांस प्रवेश विनामूल्य असतो. प्राथमिक शाळेतील मुले, इयत्ता आठवीपर्यंतचीदेखील, बहुधा या वयोमर्यादेत बसतात. मोठ्या माणसांस २०१८ साली ठरविलेल्या दराप्रमाणे २५ रुपये व महाजालावरून आगाऊ तिकीट काढल्यास २० रुपये पडतात. चाळीस मुले व चार शिक्षक असतील, तर प्रवेशाचा एकंदर खर्च अवघा ८० ते १०० रुपये होतो. मुलांच्या वयाविषयी दारावर खोळंबा होऊ नये म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची, जन्मतारखांसह नावांची यादी जवळ ठेवावी. या एका कागदाने वादही टळतो आणि वेळही वाचतो.

जागतिक वारसा दिन (१८ एप्रिल) किंवा वारसा सप्ताहाचा पहिला दिवस (१९ नोव्हेंबर) अशा प्रसंगी प्रवेश सर्वांस खुला ठेवण्यात आल्याची उदाहरणे आहेत. असा दिवस साधावा काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. शाळेने तो साधण्यात हाशील थोडे. मुलांस शुल्क मुळातच नाही. वाचणार ते शिक्षकांचे शंभर रुपये. त्यांच्या बदल्यात गडावर गर्दी सोसावी लागते, आणि अरुंद पायऱ्यांवर गर्दी असेल तर मुले पाहण्यापेक्षा एकमेकांस सांभाळण्यातच गुंततात.

खर्चाचा खरा भार प्रवासावर असतो. हिंगोलीहून जिंतूर व जालना या मार्गाने छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि तेथून वेरूळच्या रस्त्याने किल्ला आणखी १५ किलोमीटरांच्या सुमारास. जाऊन येऊन पाचशे किलोमीटर धरावे. येथे केलेली काटकसर शेकड्यांनी मोजता येते. इतरत्र केलेली रुपयांनी.

प्रवासाचे साधन

राज्य परिवहन महामंडळ शालेय सहलींस नैमित्तिक कराराच्या गाडीच्या भाड्यात ५० टक्के सवलत देते. खाजगी गाडी वरवर पाहता सोयीची वाटते. परंतु ही सवलत, गाडीची नियमित तपासणी आणि चालकाची जबाबदारी या तिन्ही गोष्टींचा विचार करता शाळेस एस. टी. हीच श्रेयस्कर. आगारप्रमुखांकडे मुख्याध्यापकांचा अर्ज, विद्यार्थ्यांची यादी व सहलीची परवानगी यांसह महिनाभर आधी मागणी नोंदवावी. हिवाळ्यात सर्वच शाळांची मागणी एकदम येते. उशिरा गेलेल्यास गाडी मिळत नाही व मग अधिक भाड्याची खाजगी गाडी करावी लागते. उशिराची किंमत अशा रीतीने रोख मोजावी लागते.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. गाडीचे भाडे आसनांवर नसून गाडीवर असते. यास्तव रिकामे आसन म्हणजे बसलेल्या मुलांवर पडलेला भुर्दंड होय. हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. सवलत धरून गाडीचे भाडे १४,००० रुपये झाले असे समजू. एका शाळेची २८ मुलेच निघाली, तर प्रत्येकी ५०० रुपये पडतात. शेजारच्या वस्तीवरील लहान शाळेची १२ मुले त्याच गाडीत घेतली, तर तोच भार ३५० रुपयांवर येतो. एका मुलामागे १५० रुपये वाचले आणि गडावरील एकही गोष्ट पाहावयाची राहिली नाही. द्विशिक्षकी शाळांस स्वतंत्र सहल काढणे बहुधा परवडत नाही. एका केंद्रातील दोन-तीन शाळांनी एकत्र येणे हा त्यावरील उपाय असून केंद्रप्रमुखांच्या मासिक सभेत जून-जुलैमध्येच तो ठरविता येतो.

दहा-बारा मुलांचाच गट असेल, तर मात्र स्वतंत्र गाडी करू नये. नियमित एस. टी. गाड्यांत ५ ते १२ वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट असते, आणि १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली स्त्रियांस व मुलींस निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. वाटेत गाडी बदलावी लागली तरी लहान गटास ते जमण्याजोगे आहे. रेल्वेचाही विचार अवश्य करावा. हिंगोली हे पूर्णा–अकोला मार्गावरील स्थानक असून पूर्णा येथे गाडी बदलली की परभणी, जालना, औरंगाबादवरून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावर दौलताबाद नावाचेच स्थानक लागते. ग्रामीण भागातील शासकीय शाळांच्या विद्यार्थ्यांस वर्षातून एकदा अभ्याससहलीसाठी द्वितीय श्रेणीत ७५ टक्के सवलतीची तरतूद रेल्वेच्या नियमांत आहे. तिचे विहित प्रमाणपत्र आधी स्थानकावरून आणून भरून द्यावे लागते. ज्या मुलांनी आगगाडी आतून पाहिलेली नाही, त्यांस हा प्रवास म्हणजे स्वतंत्र पाठच होय.

हंगाम व दिवस

सहलीचा दिवस ठरविताना पंचांगापेक्षा गावाचे अर्थकारण पाहावे. या जिल्ह्यात सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येतो. हळदीचा पैसा शिमग्याच्या आगेमागे व नंतर. जुलै-ऑगस्टात बी-बियाणे व खत यांतच घरचे पैसे गुंतलेले असतात. त्या दिवसांत वर्गणी मागणे म्हणजे पालकास ‘नाही’ म्हणण्यास भाग पाडणे होय. तीच मागणी माल विकल्यानंतर केली, तर तोच पालक ती आनंदाने पुरी करतो.

दुसरी गोष्ट ऊसतोडणीची. दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबे कारखान्यांकडे स्थलांतर करतात व मुलेही त्यांच्यासमवेत जातात. डिसेंबर-जानेवारीत निघणाऱ्या सहलीत ही मुले आपोआप गळतात, आणि त्यांची नोंद ‘इच्छुक नाहीत’ अशीही कोणी करीत नाही. ज्या शाळेत अशी मुले असतील, तिने पाऊस सरल्यानंतर व टोळ्या निघण्यापूर्वीचे दिवस पाहावेत. त्या सुमारास गड हिरवा असतो व खंदकात पाणी दिसते. मात्र दगडी पायऱ्या निसरड्या राहिलेल्या नाहीत, याची खात्री करून घ्यावी.

रविवार व सुट्ट्यांचे दिवस टाळावेत. वेरूळची लेणी पाहावयाची असल्यास मंगळवार वर्ज्य समजावा; त्या दिवशी ती बंद असतात. तेथेही १५ वर्षांखालील मुलांस शुल्क नाही. मोठ्या माणसांस २०१८ च्या दराप्रमाणे ४० रुपये आहे.

खर्च वाचविण्यासाठी एकाच दिवसात जाऊन येण्याचा बेत पुष्कळ शाळा करतात. ही काटकसर खोटी आहे. जाण्यायेण्यात दहा-बारा तास गाडीत बसून मुले आंबून जातात. गडावर पोहोचतात ती ऐन उन्हात, आणि निम्म्यातून परत फिरतात. भाडे पूर्ण भरून गड अर्धाच पाहिला, तर त्यात बचत कसली? त्यापेक्षा पहिल्या दिवशी पहाटे निघून दुपारपर्यंत वेरूळ गाठावे, लेणी पाहावीत, तेथे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गड उघडताच चढावयास लागावे. माथ्यावर जाऊन येण्यास तीन-साडेतीन तास पुरतात. दुपारी निघालेली गाडी दिवेलागणीच्या सुमारास गावी परत येते.

शिदोरी व मुक्काम

वाटेवरील उपाहारगृहात चाळीस मुलांचे एक जेवण हा सहलीतील दुसरा मोठा खर्च. आणि तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. पहिल्या दिवसाची शिदोरी घरूनच न्यावी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गुळाचा खडा हे पदार्थ दिवसभर टिकतात आणि गरिबाच्या व सधनाच्या घरी सारखेच होतात. विकतचे पुडे आणण्यास मनाई असावी. त्यांनी पैसाही जातो आणि कोणी काय आणले यावरून मुलांमुलांत भेदही पडतो. दशम्या एकत्र करून पंक्तीने वाटून खाल्ल्या, तर एखाद्याने कमी आणल्या होत्या हे कोणास कळतही नाही.

रात्रीच्या जेवणासाठी प्रत्येक मुलाने घरून एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी डाळ आणावी. चव्वेचाळीस जणांची खिचडी त्यात सुखाने होते. तेल, मीठ व इंधन एवढाच खर्च उरतो. मुक्कामासाठी वेरूळ-खुलताबाद परिसरातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेची परवानगी पंधरा दिवस आधी पत्राने मिळवावी. यजमान शाळेच्या मुलांशी ओळख होणे हाही सहलीचाच लाभ. ते न जमल्यास घृष्णेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंसाठी वेरूळ येथे निवासाची सोय आहे, तिचा उपयोग करावा. कोठेही उतरले तरी निघण्यापूर्वी जागा झाडून द्यावी. पुढच्या वर्षीची परवानगी त्या झाडण्यावरच अवलंबून असते.

गडाच्या दाराबाहेर खेळणी, शीतपेये व फळे विकणाऱ्यांची रांग असते. खाऊच्या पैशांस सर्वांना एकच मर्यादा घालून द्यावी. उदाहरणार्थ, प्रत्येकी २० रुपये. ते वर्गप्रमुखाकडे जमा राहावेत व उतरून आल्यावरच मिळावेत. त्या भागातील सीताफळे व पेरू प्रसिद्ध आहेत. हंगामात पेरूची एखादी टोपली घाऊक घेऊन वाटली, तर ती स्वस्त पडते आणि सर्वांच्या वाट्यास सारखी येते. खाण्याची पिशवी हाती घेऊन मात्र कोणी गड चढू नये. माकडे ती हिसकावून घेतात.

वर्गणी व हिशेब

वरील रीतीने काढलेल्या सहलीचा अंदाज पुन्हा कल्पित आकड्यांनी मांडता येईल. गाडी १४,००० रुपये. मुक्काम व जेवण २,०००. वाटाड्या, विजेऱ्या, औषधे व तिकिटे १,२००. आकस्मिक खर्च ८००. एकूण १८,००० रुपये; चाळीस मुलांत प्रत्येकी ४५०. हीच सहल २८ मुलांची असती, तर जेवणाचा खर्च १,४०० धरूनही माणशी सुमारे ६२१ रुपये पडले असते.

एवढी रक्कम एकदम मागितली की मजुराच्या घरी ती जड वाटते. जुन्या काळी पुष्कळ शाळांतून संचयिका चालत. त्याच धर्तीवर शाळा उघडताच सहलीची बचतपेटी सुरू करावी. आठवड्यास १० रुपये या प्रमाणात २४ आठवड्यांत २४० रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम जमते. उरलेले २१० रुपये माल विकल्यावर द्यावयाचे असतात. प्रत्येकाचे खाते वहीत असावे; परंतु कोणाचे किती जमले, याचा तक्ता भिंतीवर लावू नये. तो तक्ता मुलाच्या बचतीचा राहत नाही. घरच्या गरिबीचा होतो.

एवढे करूनही चार-पाच मुलांस वर्गणी भरता येणार नाही, हे गृहीत धरूनच आरंभ करावा. पाच मुलांचे २,२५० रुपये होतात. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ही रक्कम जुलैमध्येच मांडावी; गावातील माजी विद्यार्थी, नोकरदार व व्यापारी यांस एवढी रक्कम अवघड नसते. साहाय्य शाळेच्या नावे घ्यावे, मुलाच्या नावे नव्हे. कोणत्या मुलाची वर्गणी कोणी भरली, हे मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांपलीकडे जाऊ नये. सहलीहून आल्यावर आठ दिवसांत जमाखर्च पालकांपुढे वाचून दाखवावा व शिल्लक परत करावी. पुढील वर्षी वर्गणी मागताना शिक्षकास त्याचा उपयोग होतो.

हा सर्व हिशेब शिक्षकाने एकट्याने करू नये. सहावी-सातवीच्या मुलांकडून तो करवावा. अंतर, वेळ, सरासरी, शेकडेवारी, एकमान पद्धती ही सारी उदाहरणे त्यात आहेत. आपल्याच सहलीचे गणित मुले ज्या उत्साहाने सोडवितात, तो पुस्तकातील नळ-हौदाच्या गणितास लाभत नाही.

पूर्वतयारी : बिनखर्चाचा अर्धा प्रवास

सहल स्वस्त पडते ती दोन रीतींनी. एक, पैसे कमी लागल्याने. दुसरी, तेवढ्याच पैशात अधिक पदरी पडल्याने. दुसरी रीत शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून आहे आणि तिला खर्च नाही.

देवगिरीची ओळख हिंगोलीच्या मुलांस घराजवळच करून देता येते. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास देवगिरी वसवून तेथे राजधानी केली. त्याच यादवकालाची खूण म्हणजे औंढा येथील नागनाथाचे हेमाडपंती मंदिर. रामचंद्रदेव यादवाचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून ही शैली ओळखली जाते. मंदिराचा खालचा कोरीव पाषाणी भाग व त्यावरील नंतरच्या काळातील बांधकाम यांतील फरक मुलांनी आधी पाहून घ्यावा. जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० हा मानला जातो. म्हणजे देवगिरीचे वैभव व तिचा पाडाव हे दोन्ही त्यांच्या हयातीत घडले. ज्ञानेश्वरी १२९० साली पुरी झाली, तेव्हाही गादीवर रामचंद्रदेवच होता. औंढा व नरसी यांची एकेक दिवसाची भेट आधी घडली, तर देवगिरी मुलांस परकी वाटत नाही. पहिली ते चौथीच्या मुलांस तर याच दोन स्थळांची सहल पुरे. एवढ्या लहान वयात लांबचा प्रवास घडवून पैसे व पाय दोन्ही शिणवू नयेत.

गडावर पाहावयाच्या गोष्टींची यादी मुलांच्या वहीत आधीच असावी. बाहेरून आत जाताना तटांच्या रांगा ओलांडाव्या लागतात. दरवाजे समोरासमोर नसून वळणावर आहेत. ‘असे का?’ हा प्रश्न वर्गातच विचारून ठेवावा आणि उत्तर गडावर शोधावयास सांगावे. सरळ धावत येणाऱ्या शत्रूचा वा हत्तीचा वेग वळणावर मोडतो, हे मूल तेथे चालून पाहिले की आपण होऊन सांगते. पुढे हत्ती हौद, भारतमाता मंदिराचे प्राचीन स्तंभ आणि दोनशे फुटांहून उंच चांद मिनार. हा मिनार बहामनी सुलतान दुसरा अलाउद्दीन याने उभारविला. आत चढण्यास मनाई आहे. परंतु सावली मोजून त्याची उंची काढण्याचे गणित पायथ्याशी उभे राहूनच करता येते. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन यास १६८७ नंतर औरंगजेबाने कैदेत ठेविले होते. त्याच्या जवळच्या बुरुजावर मेंढ्याच्या मुखाची तोफ आहे.

यानंतर येतो तो खंदक, आणि गडाचे खरे बळ. सुमारे २०० मीटर उंचीच्या टेकडीचा खालचा भाग चोहोबाजूंनी उभा तासून काढलेला आहे. त्या कड्यास पाऊल टेकावयास जागा नाही. खंदकावर एकच अरुंद पूल. पुलापलीकडे खडकात कोरलेली वळणावळणांची काळोखी वाट, तीच ‘अंधेरी’. तिच्या वरच्या तोंडाशी आग पेटवून भुयार धुराने कोंडता येत असे. थोड्या माणसांनी मोठी फौज अडवावी, अशी ही रचना आहे. विजेऱ्या पुरेशा असल्या आणि एक वाटाड्या सर्वांत मिळून घेतला, तर अंधेरीतील दहा मिनिटे मुलांस जन्मभर स्मरतात. पुढे सुमारे साडेसातशे पायऱ्यांची चढण संपवून बारादरीवरून खालचे तट पाहिले, की किल्ल्याचा नकाशा मुलांच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उघडतो. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडावर राहिले व त्यांची समाधीही येथेच आहे, हे तेथे अवश्य सांगावे.

असा हा गड बळाने जिंकणे कठीण. तरीही १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने त्यास वेढा घातला, तेव्हा रामचंद्रदेवास शरण जावे लागले. मध्ययुगीन इतिहासग्रंथांत याविषयी एक कथा येते. घाईघाईने गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्य असावे, अशी सर्वांची समजूत होती. वेढा पडल्यावर ती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी ठरवावा. परंतु पोती आधी उघडून पाहावीत, हा तिचा बोध गडावर जाणाऱ्या प्रत्येक शाळेने घेण्यासारखा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी शिदोरी, पाणी, औषधे, विजेऱ्या व कागदपत्रे प्रत्यक्ष तपासून घ्यावीत. जे विसरले ते वाटेत दुप्पट किमतीस घ्यावे लागते.

जेथे काटकसर करू नये

काही खर्च असे आहेत की तेथे हात आखडणे हा अपराध होय. दहा मुलांमागे एक शिक्षक असावाच. मुली असतील तर शिक्षिका असावीच. प्रथमोपचाराची पेटी, पिण्याच्या शुद्ध पाण्याचे भरलेले डबे, पालकांची लेखी संमती व शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी यांवाचून गाडी हलू नये. रात्रीचा प्रवास करून मुक्कामाचे पैसे वाचवू नयेत. आसनांपेक्षा अधिक मुले कोंबून भाडे वाटून घेऊ नये. दमेकरी वा अशक्त मुलास माथ्यापर्यंत चढविण्याचा आग्रह नसावा. त्याच्यासमवेत एक शिक्षक खाली राहिला, तर चांद मिनारापर्यंतचा भागही त्यास पुष्कळ शिकवितो. आणि आकस्मिक खर्चाची रक्कम हाती शिल्लक असल्यावाचून गाव सोडू नये.

सहलीनंतर मुलांकडून गडाचा नकाशा काढून घ्यावा, प्रवासाचे वर्णन लिहून घ्यावे आणि ते शाळेच्या भित्तिपत्रकावर लावावे. हा पाठाचा उत्तरार्ध. यालाही काही खर्च नाही.

देवगिरीचे तट आठशे वर्षे उभे आहेत. ते आणखी एक वर्ष वाट पाहू शकतील. सातवीतून बाहेर पडणारे मूल मात्र पुन्हा सातवीत येणार नाही. पुष्कळांच्या बाबतीत शाळेची सहल हीच गाव सोडून काही पाहण्याची पहिली संधी असते. यास्तव सहलीचा अहवाल लिहिताना किती स्थळे पाहिली आणि किती पैसे वाचले, यांच्याही आधी एक ओळ लिहावी : पटावर इतकी मुले, सहलीस इतकी मुले. हे दोन आकडे सारखे आले, तर ती सहल काटकसरीने निघाली असे खुशाल समजावे.